तिसरा एक्सलंट

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी नवी कवळी बसवली, आरसा हातात दिला आणि बजावलं की आता आठवडाभर रोज बोलण्याचा सराव करायचा. चालेलकाकांना हसूच आलं. सराव नवशिक्यांनी करावा! ज्याने अठ्ठावीस वर्षं आडमुठं लाकूड सरळ केलं, त्याला स्वतःचं तोंड सरळ करता येणार नाही होय? हे सगळं ते ऐटीत बोलून दाखवायला गेले. पण 'सराव' म्हणताना शिट्टी वाजली, 'सरळ' म्हणताना दुसरी वाजली, आणि 'होय' म्हणेपर्यंत वरची कवळी खाली उतरून जिभेवर येऊन बसली.

डॉक्टरीणबाईंनी ती पुन्हा जागेवर ढकलली आणि विचारलं, "तुम्ही अगदी क्वचित वापरता असा एखादा शब्द सांगा. नेहमीचे शब्द जीभ जुन्याच सवयीने बोलते. नवा शब्द ती नव्याने शिकेल."

काकांना फार आठवावं लागलं नाही. ते म्हणाले, "एक्सलंट."

डॉक्टरीणबाई खूश झाल्या. जीभ मागे, मग दातांपाशी, मग टाळूला. एका शब्दात सगळी कसरत होत होती. त्यांनी औषधासारखा डोस लिहून दिला. रोज शंभर वेळा. कुजबुजत नाही, मोठ्याने. आणि ओठ चांगले ताणून, हसऱ्या चेहऱ्याने.

आता हा शब्द काकांच्या आयुष्यात इतका दुर्मीळ का होता, ते सांगायला हवं. काका खुर्च्या-टेबलांच्या कारखान्यात हेडमिस्त्री. तयार झालेला प्रत्येक नग शेवटी त्यांच्यापुढे यायचा. काका आधी शर्टाची उजवी बाही ओढून मनगटापर्यंत आणायचे. ही त्यांची जुनी खोड. बाही ओढली की कारखाना श्वास रोखायचा. मग ते नगावरून तळवा फिरवायचे, तो उलटा करून बघायचे, त्यावर स्वतः बसायचे आणि म्हणायचे, "चालेल." नग पसंत नसेल तर तेवढंही म्हणायचे नाहीत, नुसते पुढे निघून जायचे. म्हणून तर त्यांचं नाव चालेलकाका पडलं होतं.

जुने मालक होते तेव्हा गोष्ट उलटी होती. त्यांना 'एक्सलंट' म्हणायचं व्यसनच होतं. खुर्ची एक्सलंट, चहा एक्सलंट, हवा एक्सलंट. एकदा तर कुणीतरी शिंकलं तेव्हाही ते तेच म्हणाले होते. शब्द वापरून वापरून असा झिजला की शेवटी त्याचा अर्थ 'बरं, निघा आता' एवढाच उरला. काकांनी तेव्हाच कानाला खडा लावला. रंधा दिसेल त्यावर चालवला की धार जाते, शब्दाचंही तसंच. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी तो दोनदाच उच्चारला. एकदा एका डुलत्या खुर्चीपुढे, एकदा एका पुस्तकांच्या कपाटापुढे. ज्याचं काम असेल त्याच्या नावाचं पहिलं अक्षर तापल्या लोखंडाने नगाच्या बुडाशी उमटवायचं आणि नग रस्त्याकडच्या काचेच्या खिडकीत मांडायचा, असा तेव्हापासून कारखान्याचा रिवाज पडला. ती दोन अक्षरं उमटवून घेणारे दोघेही कधीच निवृत्त झाले होते, पण त्यांची नावं अजून निघायची. तिसरं अक्षर कुणाचं, यावर जेवणाच्या सुट्टीत पैजा लागायच्या.

तर असा हा शब्द घेऊन काका दवाखान्याबाहेर आले. बाकावर काकू विणत बसल्या होत्या. काय म्हणाल्या बाई, असं त्यांनी विचारलं. काकांनी तोंड शक्य तितकं कमी उघडून सांगितलं की सराव-बिराव काही लागत नाही, मापच इतकं अचूक बसलंय. फुशारकी मारून झाली होती, आता ती निभावणं आलं. शिवाय कारखान्यात तर कवळीचा कुणाला पत्ताच नव्हता. आठवडाभर बहिणीकडे जातो सांगून काका घरी हिरड्या धरून बसले होते. हेडमिस्त्रीचे दात पडले हे कळलं तर तिथला लाकूड कातणारा लेथवाला आयुष्यभर दात काढेल, अशी त्यांना धास्ती होती.

म्हणजे सराव चोरून करायचा. दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी काकू न्हाणीघरात गेल्याचा आवाज आला तशी काकांनी संधी साधली. थंडी होती म्हणून समोर घडी करून ठेवलेला नवा स्वेटर अंगात घातला, कपाटाच्या आरशापुढे उभे राहिले, ओठ ताणले आणि सुरू झाले.

या स्वेटरचीही एक गोष्ट आहे. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि दर थंडीत काकूंनी काकांना एक स्वेटर विणला होता. दर थंडीत काका तो घालून म्हणायचे, "चालेल." काकूंनी यावर कधी भांडण काढलं नाही. पण विणून झालेला स्वेटर त्या ज्या नजरेने पुढे करायच्या, ती नजर दरवर्षी थोडी लवकर खाली जायला लागली होती. या वर्षीचा विटकरी रंगाचा स्वेटर हातात पडला तेव्हा काकांनी, सवयच ती, तो टेबलावर पसरून टेप लावला होता. उजवी बाही डावीपेक्षा चांगली एक इंच लांब! काका बोलले काहीच नाहीत. न बोलणं हा आपला मोठेपणा आहे असं त्यांना वाटत होतं.

"एक्सलंट," काका आरशाला म्हणाले. "एक्सलंट. एक्सलंट!"

दहाव्या वेळी शिट्टी कमी झाली. विसाव्या वेळी कवळी जागेवर राहिली. तिसाव्या वेळी शब्द असा खणखणीत निघाला की काकांना स्वतःचाच अभिमान वाटला आणि ते हात पसरून, ओठ कानापर्यंत ताणून, एका दमात आणखी चारदा म्हणाले. चौतिसाव्याला त्यांना आरशात काकू दिसल्या. दाराशी उभ्या होत्या, ओल्या हातांनी.

काकूंनी हात पदराला पुसले. मग पलंगाच्या कडेला बसल्या. डोळे भरून आले होते आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"एवढा आवडला?" त्या म्हणाल्या. "मग मला सांगायचं ना. आरशाला काय सांगताय?"

खरं सांगायला तोच एक क्षण होता. काकांनी तोंड उघडलं. पण एकतीस वर्षांत त्यांनी काकूंचा असा चेहरा पाहिला नव्हता. हा चेहरा आपण कधीही, फुकटात, एका शब्दात बघू शकलो असतो, हे त्यांच्या लक्षात आलं. तोंड पुन्हा मिटलं. काकूंनी तोपर्यंत धाकट्या बहिणीला फोन लावला होता. "अगं, चौतीस वेळा म्हणाले! मोजलं मी."

त्या दिवसापासून तो स्वेटर काकांच्या अंगावर रोज चढला. काकू स्वतः डोक्यातून घालायच्या आणि फाटकापर्यंत पोचवायला यायच्या. चालताना गुणगुणायच्या. काका मात्र चोरासारखे कारखान्यात शिरायचे.

आता घरी सराव करणं शक्यच नव्हतं. उरला कारखाना. लेथ सुरू झालं की तिथे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तेव्हा काकांनी बेत केला की नग तपासत फिरायचं आणि यंत्रांच्या आवाजात आपले शंभर पुरे करायचे. बेत फक्कड होता. तेहतीसपर्यंत सुरळीत गेलाही. चौतिसाव्याला काकांचा तळवा एका वेताच्या खुर्चीवर होता, ओठ डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे ताणलेले होते, आणि वीज गेली.

सगळी यंत्रं एकदम थांबली आणि त्या शांततेत काकांचा शब्द छपरापर्यंत घुमला. "एक्सलंट!"

ती खुर्ची विणणारी वेतवाली बाई जागच्या जागी उभी राहिली. तिच्या हातातली वेताची पट्टी गळून पडली. लेथवाल्याने तोंडातली पेन्सिल काढली. पॉलिशवाल्याच्या ब्रशातून ठिपका टपकला तो त्याच्याच पायावर. मग जो आरडाओरडा झाला, तो ऐकून मालकीणबाई ऑफिसातून धावत बाहेर आल्या. जुन्या मालकांच्या या कन्येने वडिलांनंतर कारखाना सांभाळला होता, पण काकांच्या तोंडचा 'एक्सलंट' त्यांच्या कारकिर्दीत एकदाही निघाला नव्हता. त्यांनी स्वतः लोखंड तापवायला टाकलं.

काकांनी थांबवलं का नाही? थांबवणारच होते. पण वेतवाली राहायची काकांच्या समोरच्याच घरात आणि रोज संध्याकाळी काकूंकडे विणकाम शिकायला बसायची. पाच वाजता कारखान्यात जे बोललं जाई, ते साडेपाचला काकूंच्या कानावर असे. 'तो दातांचा सराव होता' हे वाक्य इथे सुटलं की तिथे त्या आरशापर्यंत पोचायला अर्धा तास पुरे. काका गप्प बसले. खुर्चीच्या बुडाशी धूर निघाला आणि तिसरं अक्षर उमटलं.

खरी पंचाईत पुढे झाली. एकदा आशा लागल्यावर सगळे कान काकांच्या ओठांवर टपून बसले. काका खिडकीशी तोंड करून पुटपुटले, तर खिडकीशी टेबल होतं, टेबलावर अक्षर. पाणी पिताना एकदा जीभ घसरली, तर माठाखालची तिवई एक्सलंट ठरली. लेथवाला तर हातातलं काम सोडून आपलं स्टूल घेऊन काकांच्या मागे मागे हिंडायचा, आणि मंगळवारी दुपारी त्याने वेळ बरोबर साधली. गुरुवारपर्यंत सात नगांवर सात अक्षरं उमटली आणि काचेच्या खिडकीत पाय ठेवायला जागा उरली नाही. काकांनी तोंडाला कुलूप लावून नुसतं "चालेल" म्हणायला सुरुवात केली, तर पॉलिशवाला रुसला. त्याचं म्हणणं, माठाची तिवई एक्सलंट आणि माझं कपाट चालेल? अठ्ठावीस वर्षं ज्या एका शब्दावर माणसं समाधानाने घरी गेली, तो आता शिवीसारखा वाटायला लागला. आणि ज्यांना अक्षरं मिळाली होती, त्यांनी पॉलिशपेपर हातात धरणंच सोडून दिलं. एक्सलंट माणसाने घासत काय बसायचं!

काकांना झोप येईना. कवळी मात्र फर्मास बसली होती.

शुक्रवारी नव्या वाचनालयाच्या मुख्य बाई माल बघायला येणार होत्या. चाळीस खुर्च्या आणि दहा स्टुलांचं काम. असं काम कारखान्याला दोन वर्षांत मिळालं नव्हतं. मालकीणबाईंनी त्यांना फोनवर आधीच ऐकवून ठेवलं होतं की आमच्या हेडमिस्त्रींनी या आठवड्यात सात नगांना एक्सलंट म्हटलंय. आणि नेमक्या त्याच वेळी काकूही टेप घेऊन हजर झाल्या. काकांच्या अंगावरचा स्वेटर बघून मालकीणबाईंनी स्वतःसाठी तसाच एक सांगितला होता, त्याचं माप घ्यायला. काकू आल्या त्याही नवी साडी नेसून. वेतवालीने त्यांना खिडकीतली आपली खुर्ची दाखवली आणि दोघी हसल्या. एकाच परीक्षेत पास झालेल्या मैत्रिणी हसतात तशा.

वाचनालयाच्या बाई कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी खिडकीतलं लेथवाल्याचं स्टूल काढायला लावलं आणि त्यावर बसल्या.

टक.

त्यांनी भार दुसऱ्या बाजूला दिला. टक. पुन्हा इकडे. टक. कारखान्यात दुसरा आवाज नव्हता. बाई उठल्या, स्टूल उलटं केलं आणि बुडाशी उमटलेलं अक्षर कशाचं ते विचारलं. मालकीणबाईंनी सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज दर शब्दागणिक बारीक होत गेला.

बाई काकांकडे वळल्या. "याला तुम्ही एक्सलंट म्हणालात?"

काकांनी स्टुलाकडे पाहिलं. हो म्हणावं तर अठ्ठावीस वर्षांची जीभ विटाळते, आणि वाचनालयात उद्या माणसं टक टक करत बसतात. नाही म्हणावं तर का म्हणालात, हे सांगावं लागतं. आणि समोर काकू, गळ्यात टेप अडकवून, नवऱ्याकडे कौतुकाने बघत उभ्या. आपलेच दात, आपलेच ओठ म्हणतात. काकांचे तर दातही आपले नव्हते.

"नाही," काका म्हणाले. "म्हणजे तोंडातून निघालं, पण मी म्हणालो नाही. मी दातांचा सराव करत होतो. सातही वेळा."

कुणाचाच विश्वास बसला नाही. लेथवाला तर उघड हसला. काकांचे दात कसले, खिळे उपटतील असे! तेव्हा काकांनी पाठ न फिरवता, सगळ्यांच्या देखत, वरची कवळी काढून तळहातावर ठेवली. मग खालचीही काढली. एखाद्या नगासारखी ती तळहातावर ठेवून ते उभे राहिले. कोणीच हसलं नाही. लेथवाल्याने मुकाट्याने स्टूल उचललं, पॉलिशपेपर घेतला आणि कोपऱ्यात बसून स्वतःच्या नावाचं अक्षर घासायला लागला.

वाचनालयाच्या बाईंनी पर्स बंद केली. मालकीणबाईंना वाटलं, गेलं काम. पण त्या म्हणाल्या, "खिडकीतलं काही नको मला. या गृहस्थांनी दात काढून ठेवून 'चालेल' म्हटलेल्या चाळीस खुर्च्या पाठवा. स्टुलंही तशीच."

मालकीणबाईंचा जीव भांड्यात पडला. काकांचा मात्र अजून टांगलेलाच होता, कारण काकू पुढे आल्या होत्या.

"आरशासमोरही?" काकूंनी विचारलं.

काकांनी मान हलवली. होकाराची.

"चौतीसही?"

पुन्हा मान. काकूंचं नवं हसू विझलं. मग, बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तसं, आता खरंच बोलायचं ठरवलेल्या काकांनी उरलंसुरलंही बोळक्या तोंडाने ओकून टाकलं: स्वेटरला त्यांनी टेप लावला होता, आणि उजवी बाही एक इंच लांब आहे. वेतवालीने कपाळाला हात लावला. असलं खरं कोण सांगतं!

काकू मात्र रडल्या नाहीत. उलट त्यांनी कमरेवर हात ठेवले.

"टेप कुठे लावलात?"

"टेबलावर," काका म्हणाले.

"टेबलाला घालायचाय का स्वेटर? जन्मभर रंधा मारून उजवा खांदा डाव्यापेक्षा केवढा भरलाय तुमचा, बघितलंय कधी? एकतीस वर्षं बघतेय, प्रत्येक शर्टाची उजवी बाही वर चढते आणि तुम्ही दिवसभर ओढत बसता. दरवर्षी थोडं थोडं वाढवत आणलं, यंदा जमलं. आता मला सांगा, या आठवड्यात उजवी बाही एकदा तरी ओढलीत?"

काका थबकले. कारखानाही थबकला, कारण सगळ्यांनाच आठवायला लागलं. शनिवारपासून आज शुक्रवारपर्यंत काकांनी बाही ओढलेली कुणी पाहिली नव्हती. काकांनी कवळी खिशात टाकली आणि दोन्ही हात समोर सरळ धरले. दोन्ही काठ दोन्ही मनगटांवर एका रेषेत, सुताराच्या गुण्याने आखल्यासारखे. त्यांनी हात वर केले, खाली केले, रंधा मारल्यासारखे पुढे-मागे करून पाहिले. काठ हलले नाहीत. मग डाव्या हाताचा तळवा उजव्या बाहीवरून खांद्यापासून मनगटापर्यंत सावकाश फिरवला, आणि त्यांचे डोळे भरून आले. नग माणसाच्या अंगाला लागतो, टेबलाला नाही, हे त्यांनी कारखान्यातल्या प्रत्येकाला शिकवलं होतं.

काकांनी काकूंकडे पाहिलं. तोंडात एकही दात नव्हता. ओठ ताणण्याचं भान नव्हतं. शब्द सगळीकडून गळत, हवा सोडत, कसाबसा बाहेर पडला.

"एफ्फलंत."

वेतवालीने हळूच विचारलं की अक्षर आता उमटवायचं कुठे, लोकर तर जळेल. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. काकूंनी गळ्यातला टेप काढला, नवऱ्याला नीट खालून वर न्याहाळलं, त्याच्या त्या बोळक्या तोंडावर नजर क्षणभर जास्तच ठेवली, आणि मालकीणबाईंच्या मापाला वळता वळता म्हणाल्या,

"चालेल."